पक्षिराजाचा संताप आणि नवेगावचे पाणी

रजनीकांतचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक खलनायकाच्या बाजूने बोलू लागतो, असे सहसा घडत नाही. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘२.०’ या चित्रपटाच्या बाबतीत मात्र तसे घडले. दिग्दर्शक शंकर यांच्या ‘एन्दिरन’ अर्थात हिंदीतील ‘रोबोट’ या २०१० मधील विज्ञानपटाचा हा पुढचा भाग. निर्मितीखर्च पाचशे कोटींच्या पुढे गेल्याची जाहिरात, त्रिमिती चित्रण, यंत्रमानव चिट्टीचे पुनरागमन आणि समोर अक्षयकुमार. चाहत्यांनी आठ वर्षे वाट पाहावी असा हा सारा सरंजाम होता. पण पडदा उतरल्यावर चर्चा रंगली ती चिट्टीपेक्षा अक्षयकुमारने उभ्या केलेल्या पक्षिराजन या वृद्ध पक्षितज्ज्ञाची. मोबाइलच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरी पाखरांचा जीव घेत आहेत, असे तो सांगत फिरतो. सरकारदरबारी, न्यायालयात, कंपन्यांच्या दारात त्याची कोणीच दखल घेत नाही. अखेर तो एका मनोऱ्यावरच गळफास घेतो आणि मेल्यानंतर शहरातील सगळे मोबाइल आकाशात उडवून नेतो.

त्याची मागणी चूक आहे असे चित्रपट कुठेच म्हणत नाही. त्याचा मार्ग तेवढा चूक ठरतो. त्यामुळे हजारो प्रेक्षक एक ठाम समजूत घेऊन घरी परतले, की मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे पक्षी मरतात. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधसारख्या ठिकाणी फार जवळचा ठरतो. येथील तलाव आणि त्याभोवतालचे जंगल हा राज्यातील पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्यांचा आवडता मुक्काम आहे. ज्या सलीम अलींवरून पक्षिराजन बेतल्याचे त्या वेळी सर्वत्र छापून आले, त्यांच्याच नावाने येथे पक्षी अभयारण्य आहे.

आधी चाहत्यांविषयी. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, घर मराठी, वाढ बंगळूरची आणि कुळाचे मूळ गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार, हा तपशील मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मुंबईत किंग्ज सर्कलजवळच्या अरोरा चित्रपटगृहासमोर त्यांच्या भल्यामोठ्या प्रतिमांवर दुधाचा अभिषेक झाल्याची छायाचित्रे वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. २०१६ साली ‘कबाली’साठी तेथे पहाटे तीनला खेळ लागला होता. असा चाहता ‘२.०’ला गेला तो मुख्यतः पहिल्या भागातील लाल चिप बसवलेला, उद्दाम, खदाखदा हसणारा चिट्टी पुन्हा पाहण्यासाठी. तो अवतरतो उत्तरार्धात, आणि मग चित्रपटगृहात शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नाही. तोवर मात्र अनेकांचा जीव कासावीस झालेला असतो. गाणी जवळजवळ नाहीत, ऐश्वर्या रायची सना केवळ दूरध्वनीवरच्या आवाजापुरती, पूर्वार्धात सारा पसारा मोबाइलच्या थव्याचा, अशा तक्रारी झाल्या. दृश्यचमत्कारांवर मात्र सर्वांचे एकमत होते. हजारो मोबाइल एकत्र येऊन त्यांचा महाकाय गरुड होतो, ती कल्पना भारतीय पडद्यावर पूर्वी कोणी दाखवली नव्हती. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये हा चित्रपट चीनमध्ये लागला आणि आपटला. तो भाग येथे महत्त्वाचा नाही.

विज्ञानाची जाण असलेला प्रेक्षक वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होता. मृत पक्ष्यांची आणि पक्षितज्ज्ञाची ‘आभा’ एकत्र येऊन राक्षसी शक्ती बनते, हे विज्ञानपटात कसे चालावे, असा त्याचा आक्षेप. खरे तर विज्ञानकथेला अशी एखादी अशक्य गोष्ट माफ असते. जयंत नारळीकरांपासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकरांपर्यंतच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा संकेत ठाऊक आहे. एक कल्पित गृहीत धरावे आणि बाकी सारे तर्काने चालवावे. ‘२.०’ची अडचण उलटी आहे. आभा वगैरे प्रेक्षक कल्पित म्हणूनच घेतो. मनोऱ्यांमुळे पक्षी मरतात हे विधान मात्र चित्रपट कल्पित म्हणून न मांडता वस्तुस्थिती म्हणून मांडतो, आणि प्रेक्षकही ते तसेच स्वीकारतो.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेला नेमके हेच खुपले. प्रदर्शनाच्या तोंडावर सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनने चित्रपट परीक्षण मंडळाकडे व माहिती-प्रसारण मंत्रालयाकडे तक्रार केली, की हा चित्रपट अवैज्ञानिक दृष्टिकोन पसरवतो. चित्रपट लागला. तक्रारीचा परिणाम इतकाच झाला, की कंपन्या एवढ्या घाबरल्या म्हणजे पाणी मुरते आहे, अशी चाहत्यांची खात्री पटली.

त्याच सुमारास नेदरलँड्समधील द हेग शहरातून एक बातमी फिरू लागली. तेथील एका उद्यानात शेकडो साळुंकीवर्गीय पक्षी मरून पडले होते आणि त्याचे कारण ‘फाइव्ह जी’ची चाचणी असल्याचे सांगितले जात होते. पक्षी मेले हे खरे. पण त्या भागातील चाचणी काही महिने आधी, जूनमध्येच उरकली होती. भारतात हीच कथा जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा उगवली. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या दगावल्या, अन्यत्र कावळे मरू लागले, आणि ‘फाइव्ह जी’मुळे पाखरे मरत असल्याचे संदेश घरोघर पोहोचले. प्रयोगशाळेच्या तपासणीत मुरुंब्याच्या कोंबड्यांचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे निष्पन्न झाले. देशात ‘फाइव्ह जी’ सेवा सुरू झाली ती १ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने.

लहरींचे शास्त्र काय सांगते?

तरीही पक्षिराजनला वेड्यात काढून मोकळे होणे योग्य नाही. त्याच्या म्हणण्याला काही आधार खरोखरच आहे. स्पेनमधील वायादोलीद शहरात अल्फोन्सो बाल्मोरी यांनी पांढऱ्या करकोच्यांच्या घरट्यांची पाहणी केली. मनोऱ्यापासून दोनशे मीटरच्या आतील घरट्यांत पिले कमी आणि तीनशे मीटरपलीकडील घरट्यांत अधिक, असे त्यांना २००५ मध्ये आढळले. बेल्जियममधील २००७ च्या एका अभ्यासात लहरींची तीव्रता जास्त असलेल्या जागी नर चिमण्या कमी दिसल्या. भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानेही ऑगस्ट २०१० मध्ये डॉ. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ते तेव्हा संचालक होते. समितीने जगभरातील नऊशेहून अधिक शोधनिबंध चाळले. त्यांतील बहुसंख्य निबंधांत सजीवांवर काही ना काही परिणाम नोंदवलेला होता. मात्र हे निबंध माणसांपासून मधमाश्यांपर्यंत सर्वांविषयीचे होते. पक्ष्यांवरचे त्यांत थोडे आणि भारतीय पक्ष्यांवरचे तर नगण्य. पुढे २०१२ मध्ये, आहे त्या मनोऱ्याच्या एक किलोमीटर परिघात नवा उभारू नये, अशी सूचना मंत्रालयाने केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लहरींच्या तीव्रतेची देशातील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणण्यात आली. ती ठरवताना विचार माणसाचा झाला होता, पाखरांचा नव्हे, हेही नमूद करायला हवे.

आता दुसरी बाजू. मोबाइलच्या लहरी रेडिओलहरींच्या कुळातील आहेत. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि तीही अंतर वाढले की झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता एकचतुर्थांशावर येते. शिवाय वायादोलीद किंवा बेल्जियमसारख्या पाहण्यांत एक मूलभूत अडचण असते. मनोरे दाट कुठे असतात? जेथे वस्ती दाट, इमारती नव्या, झाडे कमी आणि किडेही कमी, तेथेच. मग चिमणी कमी झाली ती मनोऱ्यामुळे, की ज्या सिमेंटच्या वस्तीने मनोरा आणला तिच्यामुळे? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही.

चिमणीचेच उदाहरण घेऊ, कारण पक्षिराजनचा मुख्य साक्षीदार तीच आहे. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७०च्या दशकात सुरू झाली, तेव्हा मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. भारतात फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने तर अनेकांना चकित केले. देशभराचा विचार करता गेल्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण स्थिर राहिली, असे त्यात नोंदले आहे. मुंबईसह सहा महानगरांत ती हळूहळू घटते आहे. त्याची संभाव्य कारणे म्हणून पिलांना भरवायला किडे न मिळणे आणि घरट्यांना सांदीकोपरे न उरणे ही पुढे येतात, मनोऱ्यांच्या लहरींना दोष देण्याजोगा पुरावा मिळत नाही. आणखी एक गंमत या अहवालात दडली आहे. सुमारे साडेपंधरा हजार पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो उभा आहे, आणि ‘ई-बर्ड’वर जमा होणाऱ्या या नोंदींपैकी कित्येक आज रानातूनच मोबाइलवर केल्या जातात. पक्षिराजनने सगळ्यांचे मोबाइल उडवून नेले असते, तर पाखरांचा हिशेब ठेवणाऱ्यांचीच पंचाईत झाली असती.

लहरींचा पक्ष्यांवर होणारा एक परिणाम मात्र प्रयोगाने पक्का झाला आहे, आणि तो चित्रपटातील दाव्याहून कितीतरी सूक्ष्म आहे. स्थलांतर करणारे पक्षी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा होकायंत्रासारखा उपयोग करतात. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात ठेवलेल्या रॉबिन पक्ष्यांना ही दिशा सापडेना. संशोधकांनी त्यांच्या लाकडी खोल्यांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, तेव्हा पक्ष्यांना पुन्हा दिशा उमगली. ‘नेचर’मध्ये २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. होकायंत्र बिघडवणाऱ्या लहरी होत्या सुमारे ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील. विजेच्या उपकरणांतून आणि मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्रांतून त्या निघतात. मोबाइलच्या लहरी याच्या शेकडो पट वरच्या पट्ट्यात येतात. म्हणजे शहरातल्या विद्युत कोलाहलाने पाखराची वाट चुकू शकते हे खरे, पण त्याचा बोट दाखवावा असा आरोपी मोबाइलचा मनोरा नाही. आणि वाट चुकणे वेगळे, आकाशातून मरून पडणे वेगळे.

खऱ्या मारेकऱ्याचा शोध कसा लागतो, हे पाहायचे तर गिधाडांकडे पाहावे. १९९०च्या दशकात भारतातील गिधाडे अक्षरशः नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. देशात मोबाइल आला तोही याच दशकात. एखाद्या पक्षिराजनने तेव्हाच मनोऱ्याकडे बोट दाखवले असते, तर कालगणना त्याच्याच बाजूने साक्ष देत होती. विषाणूचा संशय अनेक वर्षे घेतला गेला. शेवटी २००४ मध्ये मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांतून खरे कारण हाती आले. ते होते डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखऱ्या गुराला टोचले जाणारे साधे वेदनाशामक औषध. असे गुरू मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. शत्रू चुकीचा ठरवला असता, तर मनोरे पाडूनही उरलीसुरली गिधाडे वाचली नसती.

नवेगावात पाखरे कशावर जगतात?

नवेगाव बांधचा तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधवला, अशी परंपरा सांगते. सभोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या टेकड्यांच्या बेचक्या मातीच्या पाळींनी अडवून पाणी साठवण्याची कोहळी समाजाची विद्या इतकी पक्की होती, की जुना भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला गेला. १९७५ मध्ये येथील १३३.८८ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काढलेल्या वर्षांवर ‘नवेगाव बांधचे दिवस’ लिहिले. त्यांच्या लेखनातून माधवराव पाटील डोंगरवार हे नाव मराठी वाचकाच्या घरचे झाले. माधवराव हे शिकारी म्हणून रान जाणलेले आणि पुढे त्याच रानाचे राखणदार झालेले गृहस्थ. सलीम अलींची वाटही काहीशी अशीच होती. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीनेच त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात नेले, आणि पुढेही अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करताना त्यांनी बंदूक वर्ज्य मानली नाही. पडद्यावरच्या हळव्या पक्षिराजनला हे मानवले नसते.

हिवाळ्यात या तलावावर उतरणाऱ्या पाखरांत हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तलवार बदके, लालसरी, चक्रवाक ही पाहुणे मंडळी असतात. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे घरचे. त्यांना हवे काय असते? उथळ पाणी, पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, काठाचे देवधान, त्यात लपलेले किडे आणि लहान मासे, आणि दिवसा निवांत बसता येईल अशी माणसाच्या वर्दळीपासून दूरची जागा. यांपैकी एकेक गोष्ट या भागातील तलावांतून कमी होत गेली. हिरवे कुंपण म्हणून आलेली बेशरम तलावांत शिरली आणि काठ व्यापून बसली. तिच्या झुडपांत गाळ अडतो, पाणी उथळ होता होता दलदल होते आणि स्थानिक वनस्पतींना जागा उरत नाही. मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी सोडलेल्या रोहू, कटला यांसारख्या माशांनी व गवत्या माशाने उरल्यासुरल्या पाणवनस्पतींवर ताव मारला. भोवतीच्या शेतांतील रासायनिक खते आणि कीटकनाशके पावसाबरोबर तलावातच येतात. बदकाच्या दृष्टीने पाहिले तर पाणी आहे, पण ताट रिकामे आहे.

हे केवळ येथलेच चित्र नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांतील ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. सर्वाधिक घसरण झालेल्या गटांत शिकारी पक्षी, स्थलांतर करणारे काठावरचे पक्षी आणि बदके आहेत. शेवटचे दोन गट नवेगावसारख्या तलावांच्याच आधाराने जगतात.

सारस हा गोंदिया जिल्ह्याचा मानबिंदू. महाराष्ट्रात तो आता जवळपास याच भागात, परसवाडा-झिलमिलीच्या तलावांभोवती आणि वैनगंगेच्या खोऱ्यात उरला आहे. गोंदिया आणि भंडारा मिळून त्याची संख्या पन्नाशीच्या आत असते. सारसाची जोडी धानाच्या बांधीतच घरटे घालते. त्यामुळे तिचे भवितव्य शेतकऱ्याच्या हाती असते. अंडी शाबूत राहिली, फवारणी बेताची झाली, तर पिले उडतात. आणि उडाल्यावर त्यांना अडवणारा मनोरा नसतो, तार असते. पाच-सहा फूट उंचीचा, जड अंगाचा हा पक्षी सकाळच्या धुक्यात विजेच्या तारांवर आदळतो आणि जागीच मरतो. अशा मृत्यूंच्या नोंदी या जिल्ह्यात झालेल्या आहेत. सारसाच्या स्थितीची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चेत आले ते हेच विषय. शेतातील रसायने, पाणथळ जागा आणि विजेच्या तारा. राजस्थान-गुजरातमधील माळढोकासाठीही सर्वोच्च न्यायालयासमोर २०२१ मध्ये प्रश्न आला तो तारा जमिनीखालून नेण्याचा.

मनोऱ्याची भीती लोकांना पटते आणि तारेची पटत नाही, याचे कारण कदाचित त्यांच्या दिसण्यात असावे. लहर अदृश्य, कंपनी बलाढ्य, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात. कथेला असाच खलनायक लागतो. तारेवर आपटून मेलेला सारस किंवा बेशरमीने भरलेली बोडी यांच्यावर त्रिमिती चित्रपट निघणे कठीण. शिवाय मनोऱ्याला दोष देताना काही सोडावे लागत नाही, मोबाइल कोणीच टाकून देत नाही. तार जमिनीखालून नेण्याचा खर्च मात्र वीजदेयकात दिसतो आणि फवारणी कमी करायची तर एखाद्या शेतकऱ्याच्या धानावर किडीचे संकट येऊ शकते. चित्रपटाच्या शेवटी आकाराने बोटाएवढे ‘३.०’ यंत्रमानव कबुतरांवर स्वार होऊन येतात आणि त्याच कबुतरांच्या जिवाची धमकी देऊन पक्षिराजनला नमवतात. टाळ्या या प्रसंगाला पुष्कळ पडल्या. पाखरांसाठी लढणाऱ्याला पाखरेच ओलीस ठेवून हरवले, याची रुखरुखही अनेक चाहत्यांनी बोलून दाखवली, आणि ती रास्त होती.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही तलावांवर दरम्यान वेगळेच काम उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या धीवर समाजाला माशांच्या घटत्या जाती आधी जाणवल्या, पाखरे नंतर. स्थानिक संस्थेच्या मदतीने मच्छीमार सहकारी संस्थांनी आणि गावातील स्त्रियांनी तलावांतील बेशरम मुळासकट उपटायला घेतली. उन्हाळ्यात पाणी आटले की उघड्या पडलेल्या तळाची नांगरणी करायची, दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पतींची रोपे आणायची आणि ती या तळात हाताने लावायची, अशी ही पद्धत आहे. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर जगते आणि कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, हे ज्ञान धीवरांच्या जुन्या माणसांकडे होतेच. जेथे ही लागवड टिकली, तेथे स्थानिक मासे वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ पाखरेही परतली. बेशरम मात्र एका उन्हाळ्यात संपत नाही. खोडाचा तुकडा चिखलात राहिला, तर पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तळात उतरावे लागते.